आरोग्यमंत्री साहेब, कर्जाचा हप्ता तुम्ही भरा, आम्ही धडगावला राहतो

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, मूळची जालना जिल्ह्यातली. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) १४ महिने कंत्राटी मेडिकल ऑफिसर होते, आता नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूच्या नाइट ड्यूट्या करते. लोकांना वाटतं रस्ता नाही, रेंज नाही, लाइट जाते म्हणून पोरगी पळून आली असेल. तसं काही नाहीये. मी धडगाव सोडलं ते फक्त बँकेच्या हप्त्यामुळे.

माझे वडील झेडपीच्या शाळेत शिक्षक. सरकारी कॉलेजची सीट थोडक्यात हुकली आणि प्रायव्हेटला नंबर लागला, वर्षाची फी सात लाखांच्या वर, हॉस्टेल मेस पुस्तकं वेगळी. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या थोडंसं वर जातं म्हणून फीची सवलत नाही, व्याजाची सवलत नाही. साडेसात लाखांच्या वर कर्ज पाहिजे तर बँक तारण मागते, म्हणून राहतं घर गहाण टाकलं. कर्ज एकूण ३६ लाख घेतलं आणि इंटर्नशिप संपेपर्यंत व्याज धरून ते ४८ लाखांवर गेलं होतं, म्हणजे मी एक रुपया कमवायच्या आधीच १२ लाख वाढले. १५ वर्षांचा हप्ता बसला ५१ हजार. धडगावला माझ्या हातात पडायचे ७० हजारांच्या आसपास, आणि तेही कधी तीन तीन महिने यायचेच नाहीत, बँक मात्र ५ तारीख झाली की मेसेज टाकायची, मग वडिलांनी पीएफमधून उचल घेतली, आईच्या पाटल्या गेल्या, आणि एका रात्री वडील फोनवर एवढंच म्हणाले, बाळा तुझं काम चांगलं आहे गं पण घर जाईल. त्यानंतर मी राजीनामा लिहिला.

हे सगळं तुमच्याकडून सहानुभूती मिळावी म्हणून सांगत नाहीये, सांगतेय कारण यात सरकारची एक मोठी चूक लपलेली आहे. तुमच्या खात्याला दुर्गम भागात डॉक्टर पाहिजे असला की पहिली आठवण होते ती बाँडची, म्हणजे शिकून झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेच्या सक्तीची. बाँड कुणाला, तर सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजमधून शिकलेल्यांना, ज्यांची फी त्यामानाने कमी असते. वर्षानुवर्षं त्यांनाही एमबीबीएसनंतर १० लाख भरले की सुटका होती, म्हणजे ज्याच्या घरी पैसा त्याला गाव बघायचीच गरज नाही. आणि ज्यांच्या डोक्यावर ३०, ४०, ५० लाखांचं कर्ज आहे ती प्रायव्हेटची मुलं, त्यांना ना बाँड ना कुणी विचारायला येत. हीच मुलं हप्त्याच्या भीतीने पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत दोन दोन ड्यूट्या करतात. यातल्या कितीतरी जणांना सरकार म्हणालं असतं ना, की चल तुझा हप्ता आम्ही भरतो, तू अक्कलकुव्याला चल, भामरागडला चल, धारणीला चल, तर ते बॅग भरून निघाले असते. मी स्वतः निघाले असते आणि माझ्या बॅचचे निदान सहा-सात जण तरी मला माहीत आहेत.

एका वर्षाच्या बाँडने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. सातपुड्यातली अर्धी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात आणि होळीला परत येतात. डॉक्टर आला ऑगस्टमध्ये, लोकांची तोंडओळख होईस्तोवर गाव रिकामं झालं, होळीनंतर लोक आले तेव्हा कळलं की कुठली बाई सहा महिन्यांची गरोदर आहे आणि एकदाही तपासणी नाही, कुठलं पोर अंगावरचं दूध सुटल्यावर वाळत चाललंय, आणि याची जरा घडी बसवतोय तोवर डॉक्टरचं वर्ष संपलं. पुढचा नवीन. त्याला इथली पावरी बोली येत नाही, त्याला कुठल्या पाड्यावर सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट आहेत माहीत नाही, आणि सिकलसेलच्या पोराला तर वर्षानुवर्षं एकच माणूस बघणारा पाहिजे, गोळी चालू आहे का, रक्त किती आहे, ताप आला की कुणाकडे धावायचं. पहिले पाच महिने बायका माझ्याशी बोलायच्याच नाहीत, आशाताई मध्ये बसून सांगायची. दहाव्या महिन्यात एक बाई बांबूच्या झोळीतून आली, नातेवाईक चार तास चालले होते, आणि ती झोळीतूनच मला नावाने हाक मारत होती. असा विश्वास बसायला वेळ लागतो साहेब, आणि तो बसल्या बसल्याच आम्ही निघून जातो.

दंड आणि धाकाने हे होत नाही असं माझं ठाम मत आहे. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एमबीबीएसच्या १० टक्के आणि पीजीच्या २० टक्के जागा सरकारी सेवेची हमी देणाऱ्यांसाठी ठेवायचं ठरवलं, कल्पना चांगली होती, पण हमी मोडली तर तुरुंगवास अशी भाषा त्यात आली. १७-१८ वर्षांच्या पोराने तुरुंगाच्या अटीवर सही करायची आणि मग मन लावून पेशंट बघायचे, हे मला पटत नाही.

जपानमध्ये ‘जिची’ नावाची मेडिकल युनिव्हर्सिटी आहे, १९७२ ची. तिथल्या सगळ्या ४७ प्रांतांनी मिळून ती काढली. मुलाची फी कर्ज म्हणून धरतात आणि त्याने आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षं, त्यातला बराच काळ खेड्यात नाहीतर बेटांवर, काम केलं की ते कर्ज माफ. कॅनडाने २०१३ पासून ग्रामीण भागातल्या फॅमिली डॉक्टरांचं शैक्षणिक कर्ज पाच वर्षांत मिळून ४० हजार डॉलरपर्यंत माफ करायला सुरुवात केली, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ६० हजारांवर नेली, नर्सेसनाही त्यात घेतलंय. अमेरिकेत ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ ही सरकारी योजना डॉक्टर नसलेल्या भागात दोन वर्षांच्या करारावर कर्ज फेडते, पुढे राहायचं असेल तर वर्षावर वर्ष वाढवता येतं. डब्ल्यूएचओने २०१० मध्येच सांगितलंय की खेड्यात डॉक्टर टिकवायचे तर शिक्षणाचा पैसा आणि तिथली सेवा एकमेकांना जोडा.

आपल्याकडे कसं करता येईल ते माझ्या अनुभवातून सांगते. डॉक्टर कुठल्या कॉलेजचा आहे ते बघू नका, प्रायव्हेटचा असला तरी घ्या. हप्ता डॉक्टरच्या खात्यात टाकू नका, थेट बँकेत भरा, म्हणजे मध्ये कुणाचा हात लागणार नाही. वाटा वर्षागणिक वाढता ठेवा, पहिल्या वर्षी कर्जाचा १० टक्के, मग १५, २०, २५ आणि पाचव्या वर्षी ३०, म्हणजे जो जितका टिकेल त्याला तितकं जास्त. मध्येच कुणी सोडलं तर त्याने जेवढं काम केलं तेवढं फेडलेलं राहू दे, त्याच्यावर दंड नको. पीजीला नंबर लागला तर योजना तेवढ्यापुरती थांबवा आणि परत आला की पुढे चालू करा. आणि दुर्गम पीएचसीची यादी मंत्रालयात बसून करू नका प्लीज, हायवेपासून दहा मिनिटांवरची पीएचसी कागदावर दुर्गम दाखवलेली मी बघितलीये, तिथे लायनी लागतील आणि तोरणमाळच्या पलीकडे कुणी जाणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर ४० लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं म्हणजे सरासरी वर्षाला ८ लाख. दरवर्षी २०० डॉक्टर घेतले तर पाचव्या वर्षी असे १००० डॉक्टर असतील आणि वर्षाचा खर्च ८० कोटींच्या आसपास जाईल, व्याजाचे वरचे वेगळे धरा. राज्याच्या बजेटमध्ये ही रक्कम जड नाही. आणि याला कर्जमाफी म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्यांना सांगा की यात फुकट काही नाहीये, एकेक रुपया पेशंट तपासून फिटणार आहे.

अजून एक, वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं आणि तुमचं वेगळं. डॉक्टर ते तयार करतात, पीएचसी तुमच्या, आणि फाइल दोन्हींच्या मध्ये फिरत राहते. या योजनेला एकच ऑफिस आणि एकच अधिकारी द्या, ज्याला फोन लावला की तो उचलेल. आणि क्वार्टरला पाणी आणि दाराला धड कडी पाहिजे, मी पहिले तीन महिने दाराला टेबल लावून झोपायचे. हप्ता भरला पण हे नाही केलं तर मुली येणार नाहीत.

मागच्या आठवड्यात आमच्या आशाताईंचा फोन आला होता. नवीन डॉक्टर जॉइन झालेत, चांगले आहेत म्हणाल्या, पण त्यांचं वर्ष पुढच्या ऑगस्टला संपतंय. तुम्ही कधी परत येताय मॅडम, असंही विचारलं, आणि मला काही सांगता आलं नाही. येत्या बजेटमध्ये तुम्ही ही योजना आणलीत तर पहिल्या यादीत माझं नाव घाला आणि मला त्याच पीएचसीला पाठवा, पाच वर्षांचं आजच लिहून देते.

आपली,
एक डॉक्टर
सध्या मुक्काम नाशिक