गाळणीतील झिओलाइट आणि विहिरीतील युरेनियम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नैसर्गिक खनिजे पाण्यातील किरणोत्सारी धातू शोषून घेतात, असे शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत आणि गाळणी विकणाऱ्यांच्या पत्रकांत हल्ली सर्रास लिहिलेले असते. कोणते खनिज, कोणता धातू आणि कसले पाणी, हे मात्र त्यात सहसा नसते.

झिओलाइट या सच्छिद्र खनिजांच्या वर्गातील क्लिनोप्टिलोलाइट हे खनिज सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी धातू चांगले पकडते. इंग्लंडमधील सेलाफील्ड येथे अणुइंधनाच्या साठवण तलावांतील पाणी १९८५ पासून याच खनिजाच्या थरांतून सोडले जाते. त्याच्या स्फटिकाच्या पोकळ्यांत सोडियमसारखे आयन (धनभारित कण) सैलसे धरलेले असतात; सीझियम आत शिरतो आणि सोडियम पाण्यात उतरतो. साहजिकच, पाण्यात मुळातच मीठ जास्त असेल तर ही अदलाबदल मंदावते, आणि आपल्या गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींच्या बाबतीत हा तपशील गौण नाही.

युरेनियमची गोष्ट वेगळी आहे. भूजलात तो बहुधा कार्बोनेटशी जोडलेला, ऋणभारित किंवा भाररहित रूपात असतो. झिओलाइटची चौकट स्वतःच ऋणभारित असल्याने ती त्याला फारशी दाद देत नाही. तेथे गोएथाइट आणि हेमॅटाइट ही लोहखनिजे अधिक उपयोगी पडतात, म्हणजे डिचोली-सांग्याच्या डोंगरांतून आपण वर्षानुवर्षे जहाजांत भरून पाठवली तीच. कार्बोनेट आणि कॅल्शियम वाढले की त्यांचीही पकड सैल होते. म्हणून खाणीच्या ढिगाऱ्यातील माती माठात टाकून कोणी पाणी गाळू नये. गोवा विद्यापीठाने आणि दोनापावल येथील समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्याच विहिरींचे पाणी घेऊन या खनिजांची चाचणी करावी, असे मात्र सुचवावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील युरेनियमसाठी सुचवलेली ३० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा त्यासाठी कसोटी म्हणून धरता येईल.

कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्राचे नाव घेऊन या गाळण्या खपवणाऱ्यांना एक आठवण करून द्यावी लागते. तेथे नोव्हेंबर २००९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या शरीरात पिण्याच्या पाण्यावाटे गेलेले ट्रिटियम हे हायड्रोजनचेच किरणोत्सारी रूप असल्याने ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन राहते, आणि अशी कोणतीही गाळणी ते अडवू शकत नाही.

शिवाय पकडलेला धातू नाहीसा होत नाही. सीझियम-१३७ ची निम्मी मात्रा उरायलाच सुमारे ३० वर्षे लागतात, आणि तोवर तो त्या खनिजातच साठून राहतो. अशा धातूंसाठी म्हणून गाळणी विकणाऱ्याने वापरलेले खनिज परत घेण्याची हमी पावतीवर लिहून द्यावी आणि ज्या पाण्यावर चाचणी केली त्याचा अहवाल सोबत जोडावा. ही सक्ती सरकारने करावी, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा