मंदीची मधली तीन वर्षं: चि. मुक्तास पत्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या महामंदीवरच्या तुझ्या निबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पहिली चार पानं २९ ऑक्टोबर १९२९ च्या मंगळवारवर आहेत. बाजार कोसळला, एका दिवसात १ कोटी ६४ लाख शेअर विकले गेले. मग अर्ध्या पानात तू १९३३ गाठलंस आणि नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले. मला वाटतं, मंदीचं मूळ त्या अर्ध्या पानात आहे. बाजार याआधीही पडले होते आणि सावरले होते. या वेळी त्याच्या मागोमाग बँका बुडत गेल्या, त्या बुडू दिल्या गेल्या, म्हणून साधी मंदी महामंदी झाली. तेव्हा मधली तीन वर्षं नीट उलगडून बघ.

भरभराटीचा भाग थोडक्यात आटप, पण दोन गोष्टी सोडू नकोस. पहिली, हप्ते. फोर्डची टी मॉडेल गाडी १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्या आत मिळायची. गाड्या, रेडिओ, शिलाई मशीन, फर्निचर, सगळं हप्त्यावर. अट अशी की एक हप्ता चुकला तरी वस्तू दुकानदाराची आणि आधी भरलेले पैसेही गेले. त्यामुळे १९३० मध्ये पगाराची शाश्वती संपली तेव्हा लोकांनी हप्ते सोडले नाहीत, बाकीची खरेदी सोडली. दुकानं ओस पडली ती अशी. शेअरचंही तेच. दहा-वीस टक्के स्वतःचे, बाकी दलालाचं कर्ज, तारण तोच शेअर. भाव पडला की दलाल आणखी पैसे मागणार, नाही दिले तर शेअर विकणार, आणि त्या विक्रीने भाव आणखी पडणार.

दुसरी गोष्ट शेती, आणि ही तू पूर्णच गाळली आहेस. शहरं नाचत होती तेव्हा आयोवा, नेब्रास्का, डाकोटातले शेतकरी १९२० पासूनच मंदीत होते. पहिल्या महायुद्धात गहू बुशेलला दोन डॉलरच्या वर गेला होता. एक बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. त्या भावाच्या भरवशावर त्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. युरोपची शेती पुन्हा उभी राहिली, भाव उतरला, आणि १९३२ मध्ये ४० सेंटच्याही खाली गेला. चार हजार डॉलरचं कर्ज युद्धकाळच्या भावाने दोन हजार बुशेलांत फिटलं असतं. १९३२ च्या भावाने त्याला दहा हजार बुशेल लागणार. कागदावर कर्ज तेवढंच, पण शेतकऱ्याच्या खळ्यात ते पाचपट झालं. ‘चलनघट’, म्हणजे भाव उतरून पैशाचं मोल वाढणं, हा शब्द तुझ्या निबंधात सहा वेळा आला आहे. त्यातल्या एका जागी तरी हा हिशेब घाल, म्हणजे वाचणाऱ्याला ती जाणवेल.

आता बँका. १९२९ मध्ये अमेरिकेत २४ हजारांहून जास्त बँका होत्या. बऱ्याच राज्यांत शाखा काढायला कायद्यानेच बंदी किंवा कडक मर्यादा होती, म्हणून गावोगावी एकेकटी बँक. गावात गहू पिकतो, तर बँकेची सगळी कर्जं गव्हावर आणि सगळ्या ठेवीही गव्हाच्याच. शेजारच्या कॅनडात मोजक्या मोठ्या बँका होत्या, देशभर शाखा पसरलेल्या. मंदी तिथेही तितकीच कडक होती, पण तिथे एकही बँक बुडाली नाही.

अशी एक गावची बँक समोर धर. आकडे मी समजण्यापुरते घेते. ठेवी ५ लाख डॉलर, भागधारकांचं भांडवल ५० हजार. या साडेपाच लाखांपैकी ६० हजार रोख, १ लाख ४० हजारांचे रोखे, ३ लाख ५० हजारांची शेतकर्ज. शेजारच्या तालुक्यातली बँक बुडाल्याची बातमी येते आणि आठवडाभरात लोक ७५ हजार काढायला येतात. रोख संपली. उरलेल्यांना द्यायला रोखे विकायचे, पण त्याच आठवड्यात आणखी शंभर बँका तेच रोखे विकायला निघाल्यात. शंभराचा रोखा ऐंशीला जातो. सगळे विकले तर तोटा २८ हजार. कर्जातली दहा टक्के बुडीत धर, ते ३५ हजार. एकूण ६३ हजार, आणि भांडवल ५० हजार. बँक संपली. मॅनेजर चोर नव्हता, कर्जंही अविचाराने दिलेली नव्हती. बुडीत कर्जांचा तोटा तिने पचवला असता, पण वर मोडीच्या भावात मालमत्ता विकायला लागली म्हणून ती संपली. रोखता गेली की पत जाते आणि पत गेली की भांडवल जातं, हा क्रम तुझ्या आराखड्यात उलटा लागला आहे. आणि राष्ट्रीय बँकांच्या भागधारकांवर दुहेरी जबाबदारी असायची: बँक बुडाली की शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम त्यांनी पुन्हा भरायची. गावातले डॉक्टर, किराणा दुकानदार, पाद्री हेच भागधारक. म्हणजे बँकेबरोबर गावातली उरलीसुरली पुंजीही गेली.

पहिली मोठी लाट नोव्हेंबर १९३० ची. नॅशव्हिलमधली कॉल्डवेल अँड कंपनी ही रोख्यांची पेढी कोसळली आणि तिच्याशी बांधलेल्या दक्षिणेतल्या बँका पटापट बंद झाल्या. ११ डिसेंबरला न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बुडाली. सुमारे चार लाख ठेवीदार, पुष्कळसे स्थलांतरित ज्यू कामगार आणि छोटे दुकानदार. ती साधी खाजगी बँक होती, पण नावामुळे कितीतरी लोकांना ती सरकारी वाटायची. अवसायनात, म्हणजे बँकेची मालमत्ता विकून देणी भागवताना, ठेवीदारांना डॉलरमागे ८० सेंटांहून जास्त परत मिळाले, पण ते हातात पडायला वर्षं गेली. भाडं तर दर महिन्याला द्यायचं असतं.

तू विचारशील, फेडरल रिझर्व्ह (फेड), म्हणजे बारा प्रादेशिक बँकांची मिळून बनलेली अमेरिकेची मध्यवर्ती बँक, १९१३ पासून होती ना, मग ती काय करत होती? बँकांपैकी सुमारे दोन तृतीयांश तिच्या सदस्यच नव्हत्या, आणि फेडकडून उसने घ्यायचा हक्क सदस्यांनाच. सदस्यांनाही मुख्यतः अल्प मुदतीच्या व्यापारी आणि शेती हुंड्या वटवून मिळत. जमिनीचं गहाणखत किंवा कंपनीचे रोखे नेले तर खिडकी बंद. हा नियम फेब्रुवारी १९३२ मध्ये सैल झाला, तोवर दोन वर्षं गेली होती. वर सोन्याचं बंधन: नोटांमागे ४० टक्के सोनं ठेवायचं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलनाची सोन्याशी बांधलेली किंमत, सोडला, अमेरिकेतून सोनं बाहेर जाऊ लागलं, आणि ते थोपवायला न्यूयॉर्क फेडने ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. बँका श्वासाला मोताद झालेल्या असताना हे केलं. मला या निर्णयाचा आजही राग येतो, कारण सोनं वाचलं आणि माणसं बुडाली.

यापेक्षा वेगळं घडू शकत होतं का, याचा पुरावा मिसिसिपी राज्यात आहे, आणि तो तुझ्या निबंधात यायलाच हवा. या राज्यातून फेडची हद्द जाते. उत्तर अर्धं सेंट लुईस फेडकडे, दक्षिण अर्धं अटलांटा फेडकडे. दोन्हीकडे तेच कापसाचं पीक, तेच कायदे, सारख्याच बँका. १९३० च्या शेवटी घबराट पसरली तेव्हा अटलांटाने अडचणीतल्या बँकांना सढळ हाताने उसने पैसे दिले, सेंट लुईसने आखडता हात घेतला. दक्षिणेकडे बँका कमी बुडाल्या, व्यापारही कमी आटला. प्रयोगशाळेत मांडूनही इतकी स्वच्छ तुलना मिळाली नसती.

रूझवेल्टच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्याबद्दल तू लिहिलंस की ते हातावर हात धरून बसले. हे खोडून टाक. नोव्हेंबर १९२९ मध्येच त्यांनी उद्योगपतींना बोलावून पगार न कापण्याचं वचन घेतलं. जानेवारी १९३२ मध्ये बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं पुनर्निर्माण वित्त महामंडळ काढलं. पण एक दार उघडावं आणि दुसरं लावावं असं होत राहिलं. हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी नको म्हणून सह्या केल्या असतानाही जून १९३० मध्ये त्यांनी आयातीवरचा कर वाढवणाऱ्या स्मूट-हॉले जकात कायद्यावर सही केली. ऑगस्ट १९३२ पासून महामंडळाने कोणत्या बँकेला कर्ज दिलं त्याची नावं जाहीर होऊ लागली. नाव छापून आलं की दारात रांग लागायची, म्हणून बँका मदत मागायलाच कचरू लागल्या. त्याच वर्षी अंदाजपत्रक जुळवायला कर वाढवले, त्यात प्रत्येक धनादेशावर दोन सेंट. पाच डॉलरच्या बिलासाठी दोन सेंट कोण देणार? लोकांनी रोख काढून रोखच वापरली. बँकेत रोख टिकवायची गरज होती तेव्हा सरकारने ती बाहेर काढायला लावली. १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९ हजार बँका बुडाल्या, देशातला पैसा एक तृतीयांशाने आटला आणि चारांतला एक कामगार बेकार झाला. केंद्राचा बेकारभत्ता नव्हता, पेन्शन नव्हती. मदत म्हणजे काउंटी आणि धर्मादाय संस्था, आणि त्यांच्याही तिजोऱ्या रिकाम्या.

निवडणूक ८ नोव्हेंबर १९३२ ला झाली, शपथविधी मात्र ४ मार्चला. त्या चार महिन्यांत जुन्याला अधिकार होता पण वजन नव्हतं, नव्याला वजन होतं पण अधिकार नव्हता. हूवर यांनी संयुक्त निवेदन मागितलं, रूझवेल्टनी नाकारलं. १४ फेब्रुवारीला मिशिगनने सगळ्या बँका बंद केल्या, मग राज्यामागून राज्य. ४ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉयही बंद. राज्यघटनेतल्या दुरुस्तीमुळे पुढच्या वेळेपासून शपथविधी २० जानेवारीला आला.

यापुढचे आठ दिवस सावकाश लिही. ६ मार्चला रूझवेल्टनी १९१७ च्या शत्रूशी व्यापार रोखणाऱ्या युद्धकालीन कायद्याचा आधार घेऊन देशभर बँकांना सुट्टी दिली. लोकांनी चिठ्ठ्या आणि ट्रामच्या टोकनांवर व्यवहार चालवले. कायद्याचा मसुदा तयार करायला हूवर यांच्याच अर्थखात्यातले मिल्स आणि बॅलंटाइन नव्या अर्थमंत्री वुडिन यांच्याबरोबर रात्र रात्र बसले. पक्ष हरला म्हणून ते घरी निघून गेले नाहीत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ९ मार्चला विधेयक प्रतिनिधिगृहात आलं तेव्हा सदस्यांच्या हातात छापील प्रत नव्हती. चाळीस मिनिटांत ते मंजूर झालं. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ७, आणि रात्री सही. मग तपासनिसांनी बँका तीन गटांत वाटल्या: धडधाकट, मदतीने उभ्या राहतील अशा, आणि बंद करायच्या. पहिल्या गटाला परवाना देताना फेडने मागेल तेवढी रोख पुरवायची तयारी ठेवली. रविवारी १२ मार्चच्या रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले. तुमचा पैसा बँक तिजोरीत नुसता ठेवत नाही, तो कर्जात आणि रोख्यांत गुंतलेला असतो, इथून सुरुवात करून त्यांनी उद्या कुठल्या बँका उघडतील ते सांगितलं. सोमवारी फेडची १२ शहरं, मंगळवारी समाशोधन गृहं (बँकांचे आपसातले धनादेश वटवणारी केंद्रं) असलेली शहरं, बुधवारी उरलेली. सकाळी पुन्हा रांगा लागल्या, पण पैसे भरायला! १५ तारखेला बाजार उघडला आणि डाऊ निर्देशांक १५ टक्क्यांहून जास्त चढला. तरी हेही लिही की एप्रिलच्या मध्यापर्यंत चार हजारांहून जास्त बँकांना परवाना मिळाला नव्हता. त्यांच्या ठेवीदारांसाठी सुट्टी संपलीच नाही.

पुढच्या कार्यक्रमांची नुसती यादी देऊ नकोस, घरकर्ज एक नीट घे. आधी घरकर्ज तीन-पाच वर्षांचं, दरम्यान बहुधा नुसतं व्याज, शेवटी सगळी मुद्दल एकदम, नाहीतर नूतनीकरण. बँकच बुडाली तर नूतनीकरण कोण करणार? म्हणून हप्ते चुकवले नव्हते त्यांचीही घरं गेली. १९३३ च्या गृहकर्ज महामंडळाने अशी सुमारे दहा लाख कर्जं घेऊन ती १५ वर्षांच्या मासिक हप्त्यांत, ५ टक्के व्याजाने बसवली. आज आपण ज्याला ईएमआय म्हणतो तो ढाचा अमेरिकेत तिथून रुळला.

आणि ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंत ठेव परत मिळण्याची हमी. रूझवेल्ट स्वतः त्याच्या विरोधात होते. अलाबामाचे प्रतिनिधी स्टीगल आणि मिशिगनचे सिनेटर व्हँडेनबर्ग यांनी तो रेटला. १ जानेवारी १९३४ पासून माणशी २५०० डॉलर, जुलैपासून ५ हजार. १९३३ मध्ये बँका हजारांनी बुडत होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्या फक्त ९ बुडाल्या.

इथे आपल्याकडचा धागा जोडता येईल. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १ जानेवारी १९६२ ला भारतात ठेव विमा आला. मर्यादा होती दीड हजार रुपये. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे, मुद्दल आणि व्याज धरून, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या एकाच नावच्या ठेवी एकत्र मोजून. आजीच्या तिन्ही मुदत ठेवी एकाच बँकेत आहेत. पुढच्या महिन्यात पहिली सुटेल ती दुसऱ्या बँकेत टाकतो आहोत. तेवढं तिच्याशी फोनवर बोलशील तेव्हा तिला समजावून सांग, तुझं ती ऐकते.

आराखडा दुरुस्त केलास की पाठव. मिसिसिपीचा नकाशा हाताने काढून त्यावर फेडची हद्द दाखव.

तुझी,
आई