रविवारच्या पुरवणीतला फोमचा पोपट

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांना घरी गुंतवून ठेवायला फोम शीटचा पोपट कसा करायचा ते तुम्ही छापलं होतं. सामान काय तर तीन रंगांच्या फोम शीट, ग्लिटर, ग्लू गन आणि चिकटवायचे तयार डोळे, आणि वर मोठ्या अक्षरात घरातल्याच वस्तूंपासून! अहो कोणाच्या घरात ग्लू गन असते? मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३२ वर्षं काढली, माझ्या घरात पाने आहेत, ग्रीसचा डबा आहे, ग्लू गन नाही. पण नातवाने फोटो बघितला आणि पोपट पायजे म्हणून बसला, मग काय, बाजारात जाऊन ३८० रुपयांचं सामान आणलं आणि पोपट केला. केला म्हणजे मी केला. गन तापते म्हणून चार वर्षांच्या पोराला हात लावू देता येत नाही, शीट कापायला धारदार कात्री लागते ती पण देता येत नाही, त्यामुळे तो बाजूला बसून आबा झालं का, आबा झालं का करत होता. तासाभराने झाला. त्याने हातात घेतला, दोनदा उडवला, आणि शीटच्या पॅकिंगचा पुठ्ठा पडला होता तो डोक्यावर घेऊन निघून गेला. पोपट सध्या फ्रिजवर आहे.

तक्रार म्हणून नाही लिहीत, म्हणजे थोडी आहे तक्रार, पण मुख्य म्हणजे दोन वर्षं नातवंडं सांभाळून जे कळलंय ते सांगायचंय. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, घरात मी, आमची ही, चार वर्षांचा नातू आणि दोन वर्षांची नात. आणि हे चिपळूण आहे. जून ते सप्टेंबर बाहेर सोडायची सोय नाही, रेड अलर्ट आला की बालवाडीला सुट्टी, आणि लाईट गेली की दिवसभर पत्ता नाही. लाईट नाही म्हणजे मोबाईलला चार्जिंग नाही, हे एका अर्थी बरंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवलंय की २ ते ४ वर्षांच्या पोरांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर चांगलंच, आणि एका वर्षाच्या आतल्यांना तर अजिबातच नको. सांगायला ठीक आहे हो, पण उरलेले अकरा तास काय करायचं ते घरच्यालाच बघावं लागतं.

तर मी जुन्या सवयीने एक लॉगशीट ठेवलं. गाडी वर्कशॉपला आली की कशी नोंद व्हायची तसं, आज काय दिलं आणि किती मिनिटं चाललं. ही हसते, पण वही बघितलीत तर तुम्हालाही मजा वाटेल. वाढदिवसाला आलेलं विकतचं अ‍ॅक्टिव्हिटी किट, ११ मिनिटं. पोपट, २ मिनिटं (माझा एक तास वेगळा). टब, पाणी आणि पळ्या, ४० मिनिटं. बिरडं सोलणे, ५५ मिनिटं, आणि हे तर रेकॉर्ड आहे.

बिरड्याचं सांगतोच. वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकायचे आणि दोन बोटांत दाबायचे, सालातनं डाळिंबी सटकन बाहेर उडते. त्या उडण्यातच सगळी गंमत आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या डाळिंब्या सोफ्याखाली गेल्या, ही चिडली, मी म्हटलं राहू दे, दुसऱ्या दिवशी नातवाने स्वतःच हात पाण्याखाली धरून सोलायला सुरुवात केली म्हणजे उडत नाही. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. रात्री ताटात उसळ आली तेव्हा ही मी केली म्हणून आईला चार वेळा सांगून झालं, आणि एरवी बिरडं बघून नाक मुरडणारा पोरगा दोनदा मागून जेवला. फक्त सोलताना तोंडात टाकू देऊ नका, कच्चा वाल पोटाला बरा नव्हे.

आणि एक गोष्ट लाज वाटली तरी सांगतो. मागच्या वर्षी मी वाल, चवळी, मूग असे कोरडे एकत्र करून निवडायला दिले होते, यूट्यूबवर बघितलं होतं, मुलं रंगाप्रमाणे वेगळं करतात, छान दिसतं ते. पाच मिनिटं फोन घ्यायला उठलो तेवढ्यात नातवाने एक वाल नाकात घातला. सांगितलं पण नाही. कोरडं कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं, ते संध्याकाळपर्यंत गच्च बसलं, भर पावसात डॉक्टरकडे, पोरगं रडतंय, सून माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात चिंचोके, मणी, बटणं, कोरडं धान्य काही देत नाही, आणि मोठ्याला दिलं तरी आपण समोर बसायचं. पाण्याचंही तेच. टबात चार बोटं पाणी असलं तरी दोन वर्षांच्या पोराला एकटं सोडून दार उघडायलासुद्धा जायचं नाही, आधी पाणी ओतून टाकायचं आणि मग जायचं. तुमच्या पुरवणीत हे असलं एक वाक्य पण नसतं, ते छापायला हवं, पोपटाच्या डोळ्यांपेक्षा जास्त गरजेचं आहे.

आता पिठाचं. पोळ्या करताना कणकेचा गोळा मुलांना द्यायचा हे तर पिढ्यानपिढ्या चालू आहे, साप, लाडू, गणपती, आणि शेवटी काळाकुट्ट झालेला तो गोळा मला पण भाजून द्या म्हणून हट्ट. विकतच्या मातीसारखं टिकाऊ हवं असेल तर हिची रीत अशी, एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस, सगळं गुठळी न होता कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, मोदकाची उकड काढतो ना अगदी तसं, गोळा कढईला सोडायला लागला की उतरवायचं आणि कोमट असताना मळायचं. रंगाला हळद नाहीतर बिटाचा रस. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर तरी चांगलं राहतं. न शिजवता दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी असंही करतात आणि वाळवून ठेवतात, पण ते आमच्याकडे पावसात करू नका, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि चार दिवसांत गणपतीची सोंड ओघळते, आमच्या गणपतीची ओघळली. आणि मिठाचा गोळा धाकटीच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही, एवढं मीठ लहान पोराला धोक्याचं असतं, तिला आपली साधी कणिक द्यावी.

चिकटवायला ग्लू गन कशाला पाहिजे, खळ करा की. कपभर पाण्यात दोन चमचे मैदा कालवून शिजवला की झाली खळ, दोन-तीन दिवस पुरते. पूर्वी आमच्या घरी वह्यांना कव्हरं घालायला करायचे तेव्हा कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे, तेवढं मात्र नको, ते विष आहे.

हळदीची जादू मला मुलीने, म्हणजे नातवाच्या आत्याने फोनवर सांगितली, ती शाळेत शिकवते. हळदीचं पाणी कागदावर फासून वाळवायचं आणि मग कापसाच्या काडीने साबणाच्या पाण्याने वर काहीतरी काढायचं, काढलेलं लालभडक होतं. त्यावर लिंबू फिरवलं की परत पिवळं. नातवाने पहिल्यांदा केलं तेव्हा रक्त आलं म्हणून घाबरला आणि मग घरातला प्रत्येक हळदीचा डाग साबणाने लाल करत सुटला, त्यात सूनबाईचा ओट्यावरचा पांढरा रुमालही आला. आणि कॉर्नफ्लॉवर! दोन वाट्या पिठाला एक वाटी पाणी, हळूहळू ओतायचं. मुठीत दाबलं तर दगड, सोडलं तर बोटांतनं गळतं. नातवापेक्षा मीच जास्त वेळ खेळलो हे खरं सांगतो, ३२ वर्षं वेगवेगळी ऑइलं हाताळली पण असं वागणारं एक नाही बघितलं. ते मोरीत ओतू मात्र नका, पाइप तुंबतो, वाळवून कचऱ्यात टाका.

साहेब, ज्या दिवशी मी जास्त मेहनत घेतली त्या दिवशी पोरं कमी खेळली, हे सगळं वहीत स्पष्ट दिसतं. फ्रिजचं खोकं आलं होतं तेव्हा मी त्याची एसटी करायला घेतली, लाल रंग, खिडक्या, हेडलाइटला झाकणं, पाटी, सगळं. दोन दिवस खपलो. नातू बसला, उतरला, संपलं. मग पुढच्या खोक्याला मी फक्त एक दरवाजा कापून ठेवून दिलं, लाईट आली म्हणून कामाला लागलो. ते खोकं तीन आठवडे चाललं. एसटी झालं, होडी झालं, दवाखाना झालं, धाकटीचा गोठा झाला, शेवटी पावसाच्या ओलीने बसकण मारली तेव्हा नातू रडला. रंगवलेली एसटी मात्र माळ्यावर ठेवली आहे, कारण २०२१ च्या जुलैतल्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात आलं तेव्हापासून आम्ही खाली काही जपून ठेवत नाही. त्या एसटीची आठवणसुद्धा कोणी काढत नाही.

तिकिटांचा खेळ तर फुकट आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या, एक पंचिंग मशीन, दोरीला बांधलेली पळी म्हणजे घंटी. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला, हे कंडक्टरला पाठ पाहिजे. मी प्रवासी. स्वयंपाकघर ते गॅलरी अशी फेरी, पण मी त्याला सांगितलं की पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, तर आता आमची गाडीपण पुणे-नगरच आहे आणि आजीला नगरला उतरूनच पोळ्या लाटायला जावं लागतं. सुट्टे नाहीत म्हणून मला दोनदा खाली उतरवलंय. चिठ्ठ्या मोजता मोजता वीसपर्यंत आकडे आले, ते बोनस समजा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला गावातल्या पोरांसाठी बालशिक्षण सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हतीच, त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं केली. आणि अरविंद गुप्ता, आयआयटीत शिकलेले, पुण्यात टेल्कोत ट्रकच्या कामावर होते, १९७८ ला तिथून रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवायच्या कामात गेले आणि आगकाडी नि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला लागले. २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. आम्ही वर्कशॉपला असली ट्यूब पोत्याने फेकलेली आहे. त्या काड्यांचं काम सात-आठ वर्षांच्या पुढच्यांना ठीक, पण काडेपेटीचा फोन चार वर्षांचा पोरगाही करतो, दोन रिकाम्या पेट्या आणि मध्ये दोरा, दोरा ताणलेला असला तरच ऐकू येतं. सैल दोऱ्यावरून आजोबा ऐकू येत नाहीत हे त्याला दहा मिनिटांत समजलं आणि मग तो मला उगाचच सैल धरून ऐकू येत नाही म्हणायला लागला, आजीने अंघोळीला हाक मारली की विशेषकरून.

पाऊस थांबला की अंगणात. माडाच्या पातीची पिपाणी, पातीचं घड्याळ, आणि पोफळीची झावळ पडली की तिच्या रुंद बुडावर धाकटीला बसवायचं आणि मोठ्याने शेंड्याला धरून ओढायचं. आणि तुमच्या पेपरच्या होड्या. साधी होडी नातवाला येते, नांगरहोडीला अजून मी लागतो. पन्हळीखाली सोडल्यावर वर्तमानपत्राची होडी फार टिकत नाही, लगदा होतो, पण घडी घालायच्या आधी कागदावर मेणबत्ती घासली तर गेटपर्यंत सहज जाते. अग्रलेखाचं पान सगळ्यात चांगलं तरतं असं आमचं मत आहे, राग मानू नये.

एकच मागणं आहे. पुरवणीत मुलांसाठी अर्धं पान ठेवताच, तर त्यात महिन्यातनं एका रविवारी काही छापू नका, कोरं सोडा. नातू सकाळी पेपर आला की पेन घेऊन बसतो आणि सगळीकडे लिहिलेलंच आहे म्हणून तक्रार करतो.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, चिपळूण