ओल्या बारदान्यावरची साईट

चि. बाळास आशीर्वाद.

काल डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, ‘नीटला हमखास येणारे प्रश्न’वाल्या साईटसाठी 4,900 रुपये मागितलेस. मी हो-नाही काहीच बोललो नाही म्हणून रुसलास. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

रात्री ती साईट उघडली. वर घड्याळ उलटं पळत होतं, ‘सवलत संपायला 10 मिनिटं’. चहा पिऊन आलो, पान पुन्हा उघडलं, तर परत 10 मिनिटं! मोंढ्यातला आडत्यासुद्धा एवढं उघड खोटं बोलत नाही.

तरी तेवढ्यावर काट मारली नाही. पेरणीआधी आपण घरचं सोयाबीन कसं बघतो? ओल्या बारदान्यावर 100 दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचं, पाणी शिंपडायचं आणि पाच-सहा दिवसांनी चांगले मोड आलेले मोजायचे. 70 निघाले तर बी पेरायचं. मोजताना तुझी माय अर्धवट मोडाला हातसुद्धा लावू देत नाही. तसंच केलं. फुकटच्या नमुना पेपरातले 20 प्रश्न घेतले, तुझं अकरावीचं एनसीईआरटी काढलं, शेजारच्या गुरुजींना बसवलं. तीन उत्तरं चुकीची! एकात हृदयाची सगळ्यात जाड भिंत उजव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, दिलेली. गुरुजी हसले, “अख्ख्या अंगाला रक्त ढकलते डावी, अन् जाड उजवी कशी?” असलं पाठ करून गेलास तर 4 गुण बुडतात, वरून 1 कापतात. आणि पेपर अजून ‘200 पैकी 180 सोडवा’वाला. 2025 पासून 180 च प्रश्न आहेत, सगळे सोडवायचे, 180 मिनिटांत. जुनं बी नव्या पिशवीत भरलंय.

तू हसत दाखवलेली ती दुसरी, बिनरंगाची, कुणीतरी घरी बसून केल्यासारखी साईट? तिचेही 20 तपासले. सगळे बरोबर. प्रत्येक उत्तराखाली पुस्तकाचं पान, आणि एका ठिकाणी ‘आधी उत्तर चुकलं होतं, दुरुस्त केलं’ असंही लिहिलेलं. मला ती आवडली. तीच वापर. मागच्या वर्षांचे पेपर परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साईटवर फुकट आहेतच.

टेलिग्रामवर ‘पेपर आदल्या रात्री’ म्हणणाऱ्यांतून मात्र आजच बाहेर पड. खोटं निघालं तर पैसे गेले, खरं निघालं तर पोलीस दारात. पेपर फोडणाऱ्यांसाठी 2024 ला वेगळा कायदाच झालाय.

मेसचे पैसे उद्या टाकतो. मायनं धपाटे केलेत, सकाळच्या लातूर गाडीच्या कंडक्टरकडं देतो. अकराला स्टँडवर ये, डबा परत पाठव. मागचाही तुझ्याकडंच आहे.

तुझा,
आबा