लायसन्स ठेवू की सोडू?

नागपूर

प्रिय सुधीर,

एजंटचं लायसन्स ठेवणार की सोडणार, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा बाजूला गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून टाळलं. पुढच्या महिन्यात त्या लायसन्सची, म्हणजे महारेराकडच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडच्या) माझ्या एजंट नोंदणीची पाच वर्षं संपतात. नूतनीकरणाचे दहा हजार रुपये जड नाहीत, सक्तीची परीक्षाही मी पास झालोय. तरी हात पुढे होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात हुडकेश्वरला एका मावशींकडे गेलो होतो. त्यांनी लोखंडी पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. विक्रीपत्र, टॅक्सच्या पावत्या आणि घडीवर फाटायला आलेलं नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट मान्य असल्याचं पत्र. आरएल हातात असलेला प्लॉट आणि नुसत्या ले-आऊटमधला प्लॉट यांच्या भावात किती फरक पडतो, ते तुला ठाऊकच आहे. मावशींना ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, ‘‘बेटा, तू लायसन्सवाला हायेस, तूच सांग, किती मागू?’’

आणि तो प्लॉट मला स्वतःला हवा होता रे. घरून निघताना मनात आकडाही ठरवला होता.

मी खरा भाव सांगितला, मलाच घ्यायचाय हेही सांगितलं आणि म्हटलं, आणखी दोघांना विचारा. त्यांनी दुसऱ्याला विकला. बरंच झालं. पण ‘लायसन्सवाला’ हा शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाही. भाव विचारणाऱ्याला मी आपला माणूस वाटतो आणि मी तर समोरच्या बाजूला बसलेला असतो.

कायद्याचं म्हणशील तर स्वतःसाठी घ्यायला-विकायला ही नोंदणी लागतच नाही. रेरात नोंदवलेल्या प्रकल्पात दुसऱ्याचा व्यवहार जुळवायचा असेल तरच लागते. बिल्डरकडून मिळणारी दलाली जाईल, नव्या स्कीमची खबर उशिरा लागेल, हे नुकसान खरंच आहे. पाच वर्षांत मी असे सौदे जुळवले मोजून चार, आणि तेही नातेवाइकांचे. उलट ओळखीचे लोक नोंदणी नसलेल्या ले-आऊटला गिऱ्हाईक आण म्हणून मागे लागतात. एजंटला ते रेरा कायद्याच्या कलम 10 प्रमाणे चालत नाही. नाही म्हटलं की रुसवे.

तुझी वहिनी म्हणते, राहू दे, कधीतरी कामी येईल. मी मात्र नूतनीकरण करणार नाही. यापुढे कोणाच्या घरी गेलो तर दारातच सांगेन, ‘‘मी घेणारा आहे.’’

दिवाळीत येशील तेव्हा बेसाचा तो कोपऱ्याचा प्लॉट दाखवतो. आरएल आहे, मालकीच्या जुन्या नोंदी तपासायला सर्च रिपोर्ट काढायला टाकलाय.

तुझा,
विनू