पांढरी कुठे तुटते

जळगाव,
१० ऑगस्ट

प्रिय सुहास,

परवाच्या तुझ्या फोनवर मी नुसतं हं हं करत राहिलो, कारण गॅसवर दूध होतं. पण तुझं एक वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. चिऊच्या रसग्रहणाच्या वहीत ‘चेतनगुणोक्ती’ (झाडाला किंवा वस्तूला माणसासारखं वागवणारा अलंकार) हा शब्द अकरा वेळा आला म्हणालास, आणि मग म्हणालास, “कवितेचं पोस्टमॉर्टेम करून काय मिळतं रे? जिवंत होती तेव्हाच बरी होती.”

अर्धं मला पटलं. ‘खालील ओळींतील अलंकार ओळखा’ या प्रश्नाने आपलीही वाट लावलीच होती. नाव लिहायचं, एक गुण घ्यायचा, पुढे सरकायचं. त्या अलंकाराने वाचताना आपल्याला काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. पण मोजल्याने कविता मरते, हे मात्र मी मानत नाही. गेल्या आठवड्यात वीज गेली असताना ओट्यावर बसून मी बोटांवर ‘औदुंबर’ मोजला. ऐक.

बालकवींची ती आठ ओळींची कविता तुला अजून पाठ असणार. मेहरूण तलावाच्या काठी तू ती म्हणायचास, आणि ‘गोड काळिमा’ला आवाज खाली न्यायचास. आता जरा मात्रा मोज, ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, मग ‘हिरवाळी घेउन’ हे शेपूट. ‘निळासावळा’ आठ, ‘झरा वाहतो’ आठ, पुन्हा शेपूट. ‘चार घरांचे’, ‘गाव चिमुकले’. ‘शेतमळ्यांची’, ‘दाट लागली’. प्रत्येक आठाला शब्द संपतो, कान निवांत बसतो. झऱ्याकाठी बसल्यासारखाच.

आणि मग पाचवी ओळ येते: ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे’.

आठ मात्रा कुठे भरल्या? ‘पायवाट पां’वर. उरलेली ‘ढरी’ पुढच्या आवर्तनात जाऊन पडली. चार ओळी सरळ चाललेलं पाऊल नेमकं इथे ठेचकाळतं, आणि ओळ कशाबद्दल आहे? अडव्यातिडव्या पायवाटेबद्दल! थांबण्याच्या जागी शब्द असा मधेच तुटला की शास्त्रात त्याला यतिभंग म्हणतात आणि तो दोष मानतात. पुढच्या ‘हिरव्या कुरणांमधुनि’ या ओळीतही आठ मात्रा ‘कुरणां’वर भरतात आणि ‘मधुनि’ पलीकडे राहतं, पण तो धक्का हलका आहे, जोडशब्दाच्या सांध्यावरचा. मग ‘झाकळुनी जळ’ पुन्हा नीट आठ, ‘पाय टाकुनी’ नीट आठ. वाट डोहापर्यंत पोचली की लयही जागेवर येते.

बालकवींनी हे बोटं मोडून मोजून केलं, असं मी म्हणत नाही. त्यांचा कान तसा होता. पण केलं कुणीही असो, आपल्या पावलाला ते जाणवतं, आणि ‘चित्रदर्शी शब्दकळा’ लिहून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट यमकाची. मधल्या चारही ओळी एकाच यमकावर चालतात: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. सुरुवातीला ‘कडे’, शेवटी पुन्हा ‘कडे’. नजर आधी वर टेकडीकडे गेली, तिथून वाटेला लागली आणि त्याच शब्दाने खाली काळ्या डोहाकडे आली. हिरवा रंग तीनदा येतो, पांढरा एकदाच, आणि शेवटी काळाच. एवढ्या हिरव्या गर्दीत ती एक पांढरी रेघ दिसते, आणि जाते कुठे तर अंधाराकडे.

आता तुझी ती बदनाम चेतनगुणोक्ती. झाड पाय टाकून बसलंय, खरं. पण तिची जादू आधीच्या सात ओळींत आहे. चार घरं आहेत, शेतं आहेत, कुणीतरी चालून चालून मळलेली वाट आहे, पण माणूस एकही नाही. माणसाची ही रिकामी जागा आपण नकळत सोबत घेऊन डोहापर्यंत जातो, आणि तिथे माणसासारखं बसलेलं कोण सापडतं, तर झाड. तेही अगदी शेवटच्या शब्दाला. शीर्षकात नाव वाचलेलं असतं, पण तोवर आपण ते विसरून गेलेलो असतो. शिवाय औदुंबर म्हटलं की आपल्याकडे दत्त आलेच. आंबा किंवा बाभूळ असती तर हे बसणं इतकं गंभीर झालं नसतं. ते कवीने लिहिलेलं नाही, आपण घरून आणलेलं आहे.

‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’, यातल्या ‘असला’ या शब्दाचं मात्र मला अजून पुरतं उमगलेलं नाही. ‘बसला असला’ असं सलग म्हटलं तर नुसता नाद. जरा थांबून म्हटलं तर कुणीतरी बोट दाखवून ‘हा असला औदुंबर’ म्हणतंय असं वाटतं. तू कसं म्हणायचास, आठवतं?

एक गोष्ट मात्र चिऊला लिहू देऊ नकोस. ५ मे १९१८ रोजी इथून जवळच भादली स्टेशनात बालकवी रेल्वेखाली गेले, अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. म्हणून काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल, असं बरेच जण लिहितात. भुसावळला जाताना भादली आलं की माझ्याही पोटात कालवतं. याच जळगावात १९०७ च्या कविसंमेलनात त्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली होती, हेही तेव्हा आठवतं. पण ती तारीख कवितेत नाही. कवितेतला काळिमा ‘गोड’ आहे, आणि तो गोडवा पुसल्याशिवाय त्या डोहाचा मृत्यू करता येत नाही. तू त्या शब्दाला आवाज खाली न्यायचास तेव्हा आम्हाला भीती नाही वाटायची, झोप यायची. आठव.

तर एवढं कर. चिऊला काही न सांगता कविता मोठ्याने वाचायला लाव, टाळीच्या ठेक्यावर. पाचव्या ओळीत टाळी कुठे पडते आणि तिची जीभ कुठे अडते, ते बघ. नाव नंतर सांग, किंवा नाहीच सांगितलंस तरी चालेल. आणि ती कुठेच अडखळली नाही, तर तसंही कळव. मग माझं सगळं गणित त्या औदुंबराच्या पायांसारखं पाण्यात.

वहिनींना नमस्कार. भरीत खायला थंडीत या, आत्ताच्या वांग्यांना चव नाही.

तुझा,
विनू