मीटर गिऱ्हाइकाकडं वळवून धरणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं मिस्त्री. परभणीत ज्यांची गाडी एकदा तरी तुमच्याकडं लागली आहे, त्यांना तेवढ्यावरूनच कळेल. आभार तोंडी मानले होते, पण तेवढ्यानं समाधान होईना. शिवाय तुम्ही काय केलं आणि कसं केलं हे चार लोकांना कळायला पाहिजे. कंपनीचं नेव्हिगेशन असलेल्या गाड्या आपल्या भागात आता बऱ्याच झाल्यात, आणि ते बिघडलं की माणूस कसा नाडला जातो हेही सगळे बघायलेत.

माझ्या गाडीचं दुखणं एवढंच होतं. नकाशा दिसायचा, बोट लावलं की सरकायचा, आवाजही यायचा, पण गाडीचा बाण जागेवर खिळलेला. गाडी मानवत ओलांडून पाथरीला टेकली तरी बाण परभणीतच. पडदा, टच, आवाज, नकाशा सगळं ठीक आणि फक्त जागा चुकतेय, असं असलं की पहिला संशय अँटिनावर आणि तिच्या वायरीवर घ्यायचा असतो. नकाशाच उघडत नसेल तर नकाशाचं कार्ड बघायचं. बाण हलतो पण उशिरा हलतो किंवा वळणावर भलतीकडं फिरतो, असं असेल तर स्पीडचा सिग्नल आणि युनिटमधला, म्हणजे डॅशबोर्डमधल्या नेव्हिगेशनच्या यंत्रातला, वळण ओळखणारा जायरो बघायचा. ही एवढी विभागणी एका मोठ्या वर्कशॉपात कुणी केली नाही. लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर नव्यानं भरलं, त्याचे पैसे घेतले, आणि तरी बाण हलला नाही तेव्हा पूर्ण युनिट बदलायचं कोटेशन हातात ठेवलं, पन्नास हजारांच्या वरचं. अँटिनाचा प्लग काढून बघितला का, असं विचारलं तर म्हणे त्याची गरज नसते. ॲक्सेसरीच्या एका दुकानात तर न बघताच कंपनीचं युनिट काढून अँड्रॉइडचा पडदा बसवायचा आग्रह. आणि दोन्ही ठिकाणी गाडी उभी केली ती पत्र्याच्या शेडखाली! याचा राग अजून गेलेला नाही.

पत्र्याखाली उपग्रह कुठून दिसणार? जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की पत्र्यातून, स्लॅबमधून तो नीट पोचतच नाही. आणि जागा काढायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. तुम्ही सगळ्यात आधी गाडी शेडबाहेर घेतली, लिंबाच्या झाडापासूनही लांब, मोकळ्यावर. इंजिन चालू ठेवलं आणि पंधरा मिनिटं कशालाच हात लावला नाही. 'थांबा, वर बघू द्या त्याला,' एवढंच बोललात. या थांबण्याला अर्थ आहे. सॉफ्टवेअर नव्यानं भरलं किंवा बॅटरीची वायर निघाली की युनिटच्या आठवणीतलं उपग्रहांचं वेळापत्रक पुसलं जाऊ शकतं, आणि ते पूर्ण वेळापत्रक उपग्रहाकडून परत उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. जागा त्याच्या आधीही सापडू शकते, पण तेवढा वेळ दिल्याशिवाय युनिट मेलं असं म्हणणं म्हणजे धडधडीत अन्याय. पाच मिनिटांत निकाल देणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

पंधरा मिनिटांनी सर्व्हिस मेनू उघडलात. उपग्रह शून्य आणि अँटिनापुढं 'शॉर्ट', म्हणजे वायर आत कुठंतरी एकमेकींना टेकलेली. म्हणजे युनिट स्वतःच ओरडून सांगत होतं, विचारायला कुणी गेलं नव्हतं.

मग इग्निशन बंद करून ग्लोव्हबॉक्स उतरवला. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना तुम्ही बोटही लावू दिलं नाही, त्या एअरबॅगच्या. जीपीएसचा निळा प्लग तेवढा युनिटच्या पाठीमागून काढला आणि इग्निशन परत चालू केलं. इथं एक बारकावा आहे, तो लोकांना माहीत नसतो. छतावरच्या किंवा डॅशबोर्डखालच्या अँटिनात छोटा अँप्लिफायर असतो, आणि त्याला लागणारा पुरवठा युनिट त्याच वायरीतून देतं, बहुतेक गाड्यांत पाच व्होल्टच्या आसपास. वायर कुठं शॉर्ट झाली की युनिट स्वतःला वाचवायला हा पुरवठा बंद करतं. अशा वेळी प्लग काढून लगेच मोजलं तर शून्य येऊ शकतं, आणि त्या शून्यावर भरवसा ठेवून चांगली युनिटं भंगारात काढली जातात. तुम्ही युनिट एकदा बंद-चालू केलं आणि मगच व्होल्ट मोजायचा मीटर लावला.

ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट आता सांगतो.

समोरच्या काचेतून ऊन थेट आत येत होतं. मीटरवर अशी तिरीप की आकडा दिसेना. तुम्ही मीटरचे दोन्ही प्रोब, म्हणजे टोकदार सळ्या, एकाच हाताच्या चिमटीत धरले, एकाचं टोक सॉकेटच्या मधल्या पिनेला, दुसऱ्याचं बाहेरच्या कड्याला. तुम्हाला स्वतःला आकडा वाचायचा असता तर मीटर मांडीवर घेऊन चाललं असतं. तुम्ही तो माझ्या बाजूच्या सीटवर ठेवला, तोंड माझ्याकडं केलं, आणि मोकळ्या हाताच्या पंजाची सावली त्याच्या काचेवर धरली. ग्रीसनं काळी झालेली बोटं, अंगठ्याला जुन्या चटक्याचा डाग. 'तुम्हीच वाचा, किती दाखवायलंय?'

४.९ व्होल्ट दाखवत होतं.

युनिट जिवंत होतं. हे तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती, कारण आधी दोघांनी सांगितलेलंही मान डोलावूनच ऐकलं होतं. गिऱ्हाईक ऐकून घेतं, पैसे देतं आणि निघून जातं, अशी सवय आपल्याला सगळ्यांनाच लागली आहे. तुम्ही आकडा मला वाचायला लावलात. मोंढ्यात काट्याचा आकडा शेतकऱ्याला दिसेल असा ठेवणारा अडत्या असतो ना, त्याच्याकडं माल घालायला लोक दहा गावांवरून का येतात, ते त्या सीटवर बसल्या बसल्या समजलं. डॉक्टर असो, वायरमन असो, तलाठी असो, समोरच्याला आकडा दाखवून बोलणारा माणूस भेटला की अर्धं ओझं तिथंच उतरतं. असे लोक आपल्याकडं आहेत, आणि त्यांचं कौतुक फार कमी होतं. मोठ्या काचेच्या दुकानाला आपण साहेब म्हणतो आणि पत्र्याच्या शेडमधल्या माणसाशी घासाघीस करतो, हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुढचं काम भराभर झालं. खाली लोहचुंबक असलेली तपासणीची अँटिना टपावर ठेवून तिचा निळा प्लग युनिटला लावलात. थोड्याच वेळात मेनूत उपग्रहांच्या दांड्या एकेक करत वर आल्या आणि बाणानं परभणी गाठली, गाडी खरी उभी होती तिथली. तारीख-वेळही बरोबर आली, म्हणून सॉफ्टवेअरचा संशयही मिटला. जुन्या युनिटात तो संशय घ्यावा लागतो. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की तो आकडा परत शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला असा फेरा संपला. ज्या युनिटांना तो सांभाळता येत नाही त्यांची तारीख जवळजवळ वीस वर्षं मागं पडते. तसं दिसलं तरच सॉफ्टवेअरच्या मागं लागावं. माझ्याकडून सॉफ्टवेअरचे पैसे घेणाऱ्यांनी निदान तारीख तरी बघायची होती.

मग गाडीची मूळ वायर. तिचं दुसरं टोकही अँटिनापासून सोडवलं, मीटर बझरवर घेतला, म्हणजे दोन टोकं आत जोडलेली असली की तो वाजतो, मधली पिन आणि कडं यांना प्रोब लावले. आवाज आला. दोन्ही टोकं मोकळी असताना बझर वाजायलाच नको. वायर आतल्या आत चिकटलेली. ग्लोव्हबॉक्सच्या मागं लोखंडी पट्टीच्या बोल्टखाली ती चेपलेली सापडली. डॅशकॅम बसवताना कुणीतरी पट्टी सोडली आणि घट्ट करताना वायर खाली राहिली. घाईचं काम. वरचं काळं वेष्टन फाटून आतली जाळी मधल्या तारेला टेकलेली होती, नख लावून तुम्ही ती जागा दाखवलीत.

ती वायर कापून, पिळून, टेप मारून जोडता का, असं शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं. तुम्ही नाही म्हणालात, आणि का ते सांगितलं. ही हॉर्नची वायर नव्हे. १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल तिच्यातून जातो, मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यातलं अंतर टोकापासून टोकापर्यंत सारखं लागतं. पिळलेल्या जोडावर सिग्नल तिथंच मरतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो. म्हणून त्याच प्लगची, ५० ओमची अख्खी वायर टाकलीत, कुठं काटकोनात न मोडता, क्लिपांमधून, बोल्टापासून लांब. प्लग बसताना 'टक्' वाजलं की नाही ते कान लावून ऐकलंत.

आणि तरी समाधान नाही. डॅशकॅमचा चार्जर लावून बघितला तर उपग्रहांच्या दांड्या खाली आल्या, काढला की वर. स्वस्तातला चार्जर असा गोंगाट करतो की जवळच्या अँटिनाला उपग्रह ऐकूच येत नाहीत. त्याची वायर तुम्ही काचेच्या दुसऱ्या कडेनं फिरवली आणि चार्जर चांगला घ्यायला सांगितलं. तो स्वतः विकायचा मोह तुम्हाला झाला नाही. धातूचा थर असलेली सनफिल्म समोरच्या काचेवर असेल आणि अँटिना डॅशबोर्डखाली असेल तर तीही अशीच आड येते, हेही त्या निमित्तानं कळलं.

नकाशाबद्दल तुम्ही स्पष्ट बोललात ते बरं केलं. समृद्धी महामार्ग त्यात नाही, जालन्याजवळ त्याला लागलं की बाण शेतातून जातो; धाराशिव शोधलं तर सापडत नाही, उस्मानाबाद घालावं लागतं. हा बिघाड नव्हे, नकाशा जुना आहे. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला, मग त्याच्या आधीच्या कार्डात तो असणार कसा? कंपनीकडून नवा नकाशा घ्या, दुसऱ्याच्या कार्डाची कॉपी बऱ्याच गाड्या घेत नाहीत, असं सांगून तुम्ही तो विषय तिथंच संपवला. त्यात पैसे काढता आले असते.

वायर आणि मजुरी मिळून दीड हजारही झाले नाहीत. वरचे दिले ते परत केलेत.

मिस्त्री, मनापासून आभार. तुमच्या हाताखालच्या पोरालाही सांगा, टॉर्च न हलवता धरून बसला होता, त्याचंही लक्षात आहे.

एक काम अजून आहे. सेलूच्या पाहुण्यांची गाडी तुमच्याकडं पाठवतो आहे. तिचा बाण गाडी पुढं चालली तरी मागं सरकतो आणि जरा वेळानं उडी मारून जागेवर येतो. उपग्रह मिळतात, अँटिना ठीक आहे. रिव्हर्स कॅमेरा त्यांनी नंतर बाहेरून बसवून घेतलाय, तेव्हा रिव्हर्सच्या सिग्नलची वायर आधी बघावी असं मला वाटतं. त्यांना शेडबाहेर उभं राहायला आणि तुमची वेळ विचारून यायला सांगितलं आहे.

आपला,
एक गिऱ्हाईक, परभणी